मूलनलिका-क्षालन व उपचारोत्तर वेदना

दाताच्या मुळातून जाणाऱ्या अरुंद पोकळीतील (मूलनलिकेतील) रोगग्रस्त किंवा मृत ऊतक काढून टाकल्यावर ती पोकळी औषधी द्रवाने धुऊन काढण्याच्या क्रियेस मूलनलिका-क्षालन म्हणतात. व्यवहारात ‘रूट कॅनाल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचारातील हा एक टप्पा होय. दंतगर म्हणजे दाताच्या गाभ्यातील तंत्रिका व रक्तवाहिन्या असलेले मऊ ऊतक. ते किडीमुळे किंवा आघातामुळे नासले, तर दात उपटणे किंवा आतील नासका भाग काढून पोकळी स्वच्छ करून भरणे, असे दोनच मार्ग उरतात. दुसरा मार्ग पत्करलेल्या काही रुग्णांना उपचारानंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांत ठणका लागतो आणि ‘दुखणे घालविण्यासाठी गेलो आणि दुखणे घेऊन आलो’, अशी तक्रार दंतवैद्याच्या कानी येते. या वेदनेची कारणे अनेक आहेत. परंतु नलिका कोणत्या द्रवाने आणि कशा रीतीने धुतली, याचा तिच्याशी निकटचा संबंध असल्यामुळे क्षालनाचा इतिहास हा काही अंशी या वेदनेचाही इतिहास आहे.

हत्यारांनी नलिका खरवडणे पुरेसे का होत नाही, याचे उत्तर दाताच्या रचनेत आहे. झुरिक येथील व्हाल्टर हेस यांनी १९१७ मध्ये हजारो दातांच्या नलिकांचे ठसे तयार करून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नलिका म्हणजे सरळ नळी नव्हे, तिला फाटे, आडवे जोड व टोकाशी त्रिभुज प्रदेशासारख्या बारीक शाखा असतात, हे त्यावरून दिसून आले. पोलादी सुई या कोपऱ्यांत पोहोचत नाही. तेथे पोहोचू शकतो तो द्रवच. मात्र नलिकेच्या टोकाशी असलेले छिद्र जबड्याच्या हाडातील जिवंत ऊतकात उघडते. द्रव त्या छिद्रापर्यंत गेला पाहिजे, पण त्यापलीकडे जाता कामा नये. दोहोंमधील अंतर मिलिमीटरच्या काही अंशांचे असते आणि सर्व क्षालनपद्धतींची कसोटी याच जागी लागते.

प्राचीन कल्पना : दात किडण्याचे कारण दातात शिरलेला किडा, ही समजूत बॅबिलोनियापासून चीनपर्यंत सर्वत्र आढळते. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून त्यांपैकी ८ रोग दातांचे मानले आहेत. कृमिदंतक हा त्यांपैकी एक होय. काळे छिद्र, हलणारा दात, स्राव व कारणाशिवाय उठणारी तीव्र वेदना ही त्याची लक्षणे दंतगराच्या शोथाशी (दाहयुक्त सुजेशी) व त्यानंतरच्या पूयसंचयाशी बरीच जुळतात. वाग्भटाने अशा दाताच्या पोकळीत गूळ किंवा मेण भरून ते तापलेल्या शलाकेने जाळावे, तसेच सातवीण व रुई यांच्या चिकाने पोकळी भरावी, असे सांगितले आहे. आतील ऊतक मारून वेदना थांबविणे हा हेतू त्यात उघड आहे. धुण्याची क्रिया मात्र गंडूष व कवल, म्हणजे औषधी द्रव तोंडात धरणे व खुळखुळविणे, एवढ्यापुरतीच मर्यादित राहिली. मराठीतील ‘दाताला कीड लागणे’ हा शब्दप्रयोग या कृमिकल्पनेचाच अवशेष होय. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतील किडे पाडण्याचा घरगुती उपाय पुष्कळ काळ चालत आला. यूरोपात यासाठी खुरासनी ओव्याचे बी वापरीत आणि धुरीनंतर पाण्यात दिसणारे पांढरे ‘किडे’ म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतील अंकुर असत. तरीही रुग्णाला आराम पडल्याचे वाटे, कारण खुरासनी ओव्यातील द्रव्ये गुंगी आणणारी आहेत.

फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार (१६७८–१७६१) यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपणास दातात किडा आढळला नाही, असे नमूद केले. वेदनायुक्त दाताला लवंगेचे व दालचिनीचे तेल लावण्याची त्यांची शिफारस आपल्याकडील घरगुती उपायाशी जुळणारी आहे. ग्रंथाच्या १७४६ मधील दुसऱ्या आवृत्तीत बारीक टाचणीने दंतगर काढण्याची कृतीही त्यांनी दिली आहे.

एकोणिसावे शतक : या शतकात हत्यारे व औषधे झपाट्याने वाढली, मात्र ती रुग्णाच्या दृष्टीने फारशी दयाळू नव्हती. १८३६ मध्ये अमेरिकेतील स्पूनर यांनी दंतगर मारण्यासाठी सोमलाचा (आर्सेनिक ट्रायऑक्साइडाचा) वापर सुचविला. सोमल जरा जरी बाहेर झिरपला, तरी हिरडी व हाड कुजत असे. पुढे १८९३ मध्ये श्रायर यांनी सोडियम व पोटॅशियम यांचे मिश्रण आणि १८९४ मध्ये कॅलाहन यांनी सल्फ्यूरिक अम्ल नलिकेत घालण्याचा प्रयोग केला. पहिल्यात मृत ऊतकातील पाण्याशी धातूंची उग्र विक्रिया होई, तर दुसऱ्यात नलिकेच्या भिंती विरघळून मार्ग रुंद होई. आजच्या वाचकास या उपायांनी अंगावर काटा येईल. परंतु नुसत्या हत्याराने भागत नाही, रासायनिक साहाय्य हवे, ही जाण त्यांत होती, हे मान्य केले पाहिजे. १८६४ मध्ये बार्नम यांनी आणलेला रबरी पडदा (ज्यामुळे उपचाराखालील दात लाळेपासून वेगळा ठेवता येतो) हा त्या काळातील अधिक शहाणपणाचा शोध होय. तिखट औषधी द्रव तोंडात सांडू नये म्हणून आजही तो अत्यावश्यक मानला जातो.

बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांच्या परंपरेत काम केलेले अमेरिकन दंतवैद्य विलोबी डी. मिलर (१८५३–१९०७) यांचा मुखातील सूक्ष्मजंतूंवरील ग्रंथ १८९० मध्ये निघाला आणि १८९४ मध्ये त्यांनी रोगट दंतगरातील सूक्ष्मजंतूंचे वर्णन केले. किड्याची जागा आता जंतूने घेतली. पाठोपाठ क्ष-किरणांचा शोध (१८९५) व स्थानिक संवेदनाहारक औषधे आली. उपचाराच्या वेळची वेदना त्यामुळे आटोक्यात आली. उपचारानंतरची वेदना हा प्रश्न खऱ्या अर्थाने वेगळा दिसू लागला तो यानंतरच.

क्लोरीनयुक्त द्रव : मूलनलिकेत आज सर्वाधिक वापरला जाणारा द्रव, सोडियम हायपोक्लोराइट, मूळचा दंतवैद्यकातील नव्हे. क्लोद ल्वी बेर्तोले (१७४८–१८२२) यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस क्लोरिनाचा उपयोग कापड विरंजित करण्यासाठी केला आणि पॅरिसजवळील झाव्हेल गावावरून त्या द्रवाला नाव मिळाले. पॅरिसमधील औषधविक्रेते आंत्वान लाबाराक (१७७७–१८५०) यांनी सोडियम हायपोक्लोराइटाचे द्रावण दुर्गंधी व सडण्याची क्रिया थांबविण्यासाठी वापरात आणले. व्हिएन्नात इग्नात्स झेमेलव्हाइस (१८१८–६५) यांनी १८४७ मध्ये प्रसूतिकक्षात जाण्यापूर्वी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, ही घटना सुविख्यात आहे. धोब्याचे विरंजक, शवागाराचे दुर्गंधिनाशक आणि सुईणीचे हात धुण्याचे पाणी अशी वाटचाल करून हा द्रव शस्त्रवैद्याच्या हाती आला.

पहिल्या महायुद्धात चिखलाने माखलेल्या जखमा सडून असंख्य सैनिक दगावत होते. फ्रान्समधील काँप्येन्य येथे हेन्री ड्रायझडेल डेकिन (१८८०–१९५२) व अलेक्सिस कारेल (१८७३–१९४४) यांनी या प्रश्नावर काम केले. डेकिन यांनी १९१५ मध्ये सुमारे ०·५ टक्का तीव्रतेचे, क्षारीयता काबूत ठेवलेले हायपोक्लोराइटाचे द्रावण सुचविले. ते जंतूंना व मृत ऊतकाला मारक पण जिवंत ऊतकाला सुसह्य असावे, हा त्यामागील विचार होता. कारेल यांनी रबरी नळ्यांच्या द्वारे ते द्रावण जखमेच्या प्रत्येक कोपऱ्यात ठराविक अंतराने पोहोचविण्याची पद्धती बसविली. या कामातील एक गोष्ट मूलनलिकेच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. यश निव्वळ द्रवाचे नव्हते. तो किती तीव्र असावा, किती वेळा ताजा घालावा आणि कोठवर पोहोचवावा, यांचेही ते होते. दंतवैद्यकाने डेकिन यांचा द्रव लवकर उचलला. कारेल यांची नळी मात्र त्याला फार उशिरा आठवली.

हायपोक्लोराइटाचा कच्चा माल म्हणजे मीठ. मिठाच्या पाण्यातून वीज नेली असता दाहक सोडा व क्लोरीन मिळतात व त्या दोहोंच्या संयोगातून हे द्रावण बनते. ठाणे खाडीच्या काठावरील मिठागरे आणि कल्याणजवळील शहाड व मोहने येथील रेयॉनचे कारखाने, ज्यांना दाहक सोडा मोठ्या प्रमाणावर लागे, यांमुळे हे रसायनशास्त्र ठाणे जिल्ह्याला अपरिचित नाही.

एडगर कूलिज यांनी १९१९ च्या सुमारास मूलनलिकोपचारात हायपोक्लोराइटाचा पुरस्कार केला. तो काळ या उपचाराला प्रतिकूल होता. १९१० मध्ये माँट्रिऑल येथील व्याख्यानात विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने दूषित दातांवर चढविलेल्या सोन्याच्या कामांवर घणाघाती टीका केली. दातातील जंतुकेंद्र सर्व शरीराला बाधते, या सिद्धांताने पुढील दोन दशके इतका जोर धरला की, वाचविता येण्याजोगे असंख्य दात उपटले गेले. अशा वातावरणात उपचारानंतर एखादा दात ठणकू लागला, तर तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राही. नलिका निर्जंतुक करता येते, हे सिद्ध करणे ही या शाखेच्या अस्तित्वाचीच गरज होती.

वॉकर यांनी १९३६ मध्ये अधिक तीव्र, सुमारे ५ टक्के द्रावण सुचविले. लुइस ग्रॉसमन (१९०१–८८) यांनी माइमन यांच्यासमवेत १९४१ मध्ये दंतगर विरघळविण्याची निरनिराळ्या रसायनांची क्षमता तपासली व १९४३ मध्ये हायपोक्लोराइट आणि ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आलटूनपालटून वापरण्याची पद्धती मांडली. दोन्ही द्रव एकत्र येताच ऑक्सिजनाचे बुडबुडे फसफसून वर येतात व त्यांबरोबर नलिकेतील कचरा बाहेर पडतो. ही पद्धती अनेक पिढ्यांच्या दंतवैद्यांना शिकविली गेली. परंतु शेवटचे क्षालन पेरॉक्साइडाचे झाले व तो थोडा आत राहून दात बंद केला गेला, तर मुक्त होणाऱ्या वायूला वाट न मिळून रुग्णास तीव्र वेदना होत. म्हणून अखेरचे क्षालन हायपोक्लोराइटाचेच असावे, असा नियम घालण्यात आला. क्षालनाच्या क्रमावरून रुग्णाची रात्र कशी जाईल हे ठरते, याचे हे जुने व स्पष्ट उदाहरण आहे.

जंतूच मूळ कारण आहेत, याचा निर्णायक पुरावा १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेरल्ड यांच्या प्रयोगाने मिळाला. सर्वसाधारण उंदरांचे उघडे पडलेले दंतगर सडले, तर जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांचे दंतगर भरून आले. स्वीडनमध्ये ब्यूस्ट्रॉम व सुंडक्विस्ट यांनी १९८१ पासून केलेल्या अभ्यासांत, केवळ लवणजल वापरून हत्यारांनी नलिका साफ केली असता बऱ्याच दातांत जंतू टिकून राहतात व ०·५ टक्का हायपोक्लोराइटाने हे प्रमाण घटते, असे दिसले. म्हणजे डेकिन यांची सौम्य मात्राही लवणजलापेक्षा सरस ठरली. दरम्यान १९५७ मध्ये नीगोर-ऑस्टबी यांनी ईडीटीए हे कॅल्शियम बांधून ठेवणारे संयुग आणले. हत्यारांच्या घर्षणाने भिंतीवर बसणारा भुकटीचा थर (मॅकोम्ब व स्मिथ यांनी तो १९७५ मध्ये वर्णिला) त्याने निघतो. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशकही काही ठिकाणी वापरले जाते. ते ऊतक विरघळवीत नाही, शिवाय हायपोक्लोराइटात मिसळल्यास तपकिरी साका तयार होतो. त्यामुळे दोहोंच्या मध्ये नलिका धुणे आवश्यक ठरते.

वेदनेची कारणे : नलिकेत काम करताना सडलेल्या ऊतकाचे कण, जंतू व धुण्याचा द्रव यांचा काही अंश टोकाच्या छिद्रातून पलीकडे ढकलला जातोच. तो पूर्णतः टाळणारी पद्धती अद्याप नाही. तेथील ऊतक त्यास शोथाने प्रत्युत्तर देते, प्रोस्टाग्लँडिने व ब्रॅडिकिनीन यांसारखी द्रव्ये सुटतात आणि चोहोबाजूंनी हाडाने वेढलेल्या जागेत सूज पसरू शकत नसल्यामुळे दाब व ठणका निर्माण होतो. चावताना दात ‘उंच’ झाल्यासारखा वाटतो तो यामुळेच. पाक व व्हाइट यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रीकरण केले. त्यानुसार उपचारापूर्वी सुमारे ८१ टक्के, उपचारानंतर २४ तासांनी सुमारे ४० टक्के व आठवड्याने सुमारे ११ टक्के रुग्णांना कमीअधिक वेदना होती. वेदनेची तीव्रताही याच क्रमाने उतरते. ज्याला आधी जास्त दुखत होते, त्यालाच नंतर अधिक दुखण्याचा संभव असतो. तातडीने परत यावे लागेल असा तीव्र उद्रेक याहून पुष्कळच विरळ असतो. वॉल्टन व फुआद यांच्या १९९२ मधील अभ्यासात त्याचे प्रमाण सुमारे ३ टक्के आढळले. सौम्य वेदना म्हणजे उपचार फसला, असे समजणे चुकीचे आहे. आणि दुखले नाही म्हणून नलिका निर्मळ झाली, हेही खरे नव्हे.

याहून सर्वस्वी वेगळा प्रकार म्हणजे हायपोक्लोराइटाचा अपघात. सुई नलिकेत घट्ट रुतली असताना दट्ट्या जोराने दाबला गेला, तर द्रव हाडापलीकडील ऊतकात घुसतो. रुग्णाला त्याच क्षणी असह्य वेदना होते, नलिकेतून रक्त येऊ लागते, काही मिनिटांत गाल व डोळ्याखालचा भाग सुजतो आणि पुढे त्वचा काळीनिळी पडते. १९७४ मध्ये बेकर व सहकाऱ्यांनी अशा घटनेचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यानंतर जगभरातून अशी वृत्ते येत राहिली. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, क्वचित तंत्रिकेची इजा मागे राहते. जो गुण नलिकेत हवा असतो, म्हणजे ऊतक विरघळविण्याचा, तोच टोकापलीकडे दोष ठरतो.

क्षालनाच्या पद्धती : पिचकारी व सुई हे सर्वांत जुने व अजूनही सर्वांत प्रचलित साधन होय. चाउ यांनी १९८३ मध्ये दाखविल्याप्रमाणे द्रव सुईच्या टोकापलीकडे फारसा पोहोचत नाही. त्यामुळे सुई खोल नेणे भाग पडते, आणि ती जितकी खोल तितका द्रव बाहेर जाण्याचा धोका अधिक. सुमारे ०·३ मिमी. जाडीच्या, टोक बंद व बाजूस छिद्र असलेल्या सुया ही या पेचातून काढलेली वाट आहे. सुई सैल ठेवून ती सतत वरखाली हलवीत बोटाच्या हलक्या दाबाने द्रव सोडणे, ही साधी शिस्त महागड्या यंत्राहून कमी मोलाची नाही. नलिकेच्या टोकाशी अडकलेला हवेचा बुडबुडा ही दुसरी अडचण होय. तो हलविण्यासाठी भरलेल्या नलिकेत गटापर्चाची कांडी वरखाली करणे, तसेच श्राव्यातीत कंपनांनी द्रव खळबळविणे, हे उपाय केले जातात. श्राव्यातीत कंपनांचा वापर १९५७ मध्ये रिचमन यांनी सुरू केला व १९८० नंतर तो क्षालनासाठी विशेषेकरून होऊ लागला.

ऋणदाब पद्धतीत द्रव वरून सोडून नलिकेच्या टोकाशी नेलेल्या सूक्ष्म नळीने तो शोषून घेतला जातो. द्रव टोकापर्यंत ओढला जातो, ढकलला जात नाही. गोंदिम व सहकाऱ्यांच्या २०१० मधील चाचणीत सुईच्या पद्धतीपेक्षा ऋणदाब पद्धतीने वेदना व वेदनाशामकांची गरज कमी आढळली. कंपनपद्धतींबाबतही पहिल्या एकदोन दिवसांत काही लाभ नोंदविले गेले आहेत, मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि आठवड्याअखेर पद्धतींमधील फरक बहुधा उरत नाही. तीव्रतेविषयीचा जुना वाद अजून मिटलेला नाही. कैरो येथे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत दंतगर असलेल्या खालच्या दाढांत ५·२५ टक्क्यांपेक्षा १·३ टक्के द्रावणाने वेदना कमी झाली. रोहतक येथील २०१९ च्या चाचणीत १ व ५ टक्के द्रावणांनी हाड भरून येण्यात लक्षणीय फरक पडला नाही. सौम्य द्रावण वारंवार ताजे घालावे, हा डेकिन-कारेल यांचा धडा या निष्कर्षांशी सुसंगत आहे. सुमारे २·५° से. तापमानाच्या थंड लवणजलाने शेवटचे क्षालन करण्याचा उपाय अलीकडचा असून, बेरा व सहकाऱ्यांच्या २०१८ मधील बहुकेंद्री चाचणीत त्याने वेदना कमी झाल्याचे आढळले. बर्फाने सूज उतरविण्याचेच हे तत्त्व आहे.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईतील नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ मध्ये स्थापन झाले. दंतवैद्यांच्या व्यवसायाचे व शिक्षणाचे नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये झाला आणि नागपूर येथे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये निघाले. दात वाचविण्याची कला अशा प्रकारे प्रथम मोठ्या शहरांत एकवटली. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील रुग्णाला शिक्षणसंस्थेच्या रुग्णालयातील उपचार हवा असल्यास मुंबईस जावे लागे. उपचार तीनचार बैठकींचा असे आणि प्रत्येक बैठकीमागे एक दिवसाची मजुरी किंवा रजा जाई. मधल्या काळात दात ठणकला, तर उरलेल्या बैठकी सोडून जवळच्या ठिकाणी दात काढून घेणे हाच सोपा मार्ग वाटणे स्वाभाविक होते. बाळकुमसारखी ठाण्याच्या कडेची गावे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ठाणे महानगरपालिकेत आली व नंतरच्या दशकांत तेथे इमारतींबरोबर दंतचिकित्सालयेही आली. फिरत्या हत्यारांमुळे एकाच बैठकीत उपचार पुरा करण्याची प्रथाही रूढ झाली. एक बैठक व अनेक बैठकी यांची तुलना करणाऱ्या कॉक्रेन समीक्षेत (२०१६) यशाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. पहिल्या आठवड्यातील वेदना मात्र एका बैठकीनंतर काहीशी अधिक होती. रोजगार बुडण्याच्या तुलनेत हा व्यवहार पुष्कळांना परवडतो.

बाळकुम येथे तात्पुरते कोविड रुग्णालय उभे राहिले त्या २०२० साली १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट हे नाव निर्जंतुकीकरणाच्या शासकीय सूचनांमुळे घरोघरी परिचित झाले. आपल्या दाढेतही हाच द्रव घातला जातो, याची कल्पना थोड्यांनाच होती. उष्णता व प्रकाश यांमुळे तो निकामी होत जातो. कोकणपट्टीच्या हवेत गडद बाटली, थंड जागा व ताजा साठा यांना त्यामुळे विशेष महत्त्व आहे. त्याच वर्षी टाळेबंदीत तातडीचे नसलेले दंतोपचार थांबले आणि अनेकांनी दाढदुखी प्रतिजैविकांवर काढली. प्रतिजैविके मृत दंतगरापर्यंत पोहोचत नाहीत, कारण तेथील रक्तपुरवठाच बंद पडलेला असतो. उपचारोत्तर वेदना टाळण्यासाठीही त्यांचा उपयोग होत नाही. इतर व्याधींमुळे वर्ज्य नसल्यास आयबुप्रोफेनासारखे शोथरोधक औषध एकदोन दिवस पुरेसे होते. वेदना तिसऱ्या दिवसानंतर वाढत गेली, ताप आला किंवा चेहऱ्यावर सूज पसरू लागली, तर नलिका पुन्हा उघडून धुवावी लागते.